आमच्या पाड्याची बंद दारं

मंडळी, आज दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

व्हीआर हेडसेट लावून मी लोकांनी स्वतः बनवलेल्या आभासी जगांमध्ये भटकते, हे तुम्हाला माहीतच आहे. आज सर्चमध्ये सहज आमच्या पाड्याचं नाव टाकलं. बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलेला आमचा पाडा. आणि चक्क सापडला! आमच्या शेजाऱ्यांच्या नातीने अंबरनाथला बसून, जुन्या फोटोंवरून बनवलाय.

लगेच आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांवर हेडसेट चढवला. आपलं घर त्यांनी लांबूनच ओळखलं, हसले. मग एकेका दारासमोर थांबत गेले.

"गेलं कोण गं?"

मला आधी कळेचना. घरं आतून बनवलेलीच नाहीत, म्हणून तिने सगळी दारं बंद दाखवली होती. पण आमच्याकडे दिवसाढवळ्या दारं लागायची ती अख्खा पाडा मयताला गेला की.

"कोणी नाही गेलं, आबा."

"मग माणसं कुठायत? चल, नदीवर असतील."

मयत नदीवरच न्यायचे. आबा हातातल्या रिमोटचं पुढे जायचं बटण विसरून स्वतःच चालायला लागले आणि त्यांचा हात आमच्या बदलापूरच्या फ्लॅटच्या भिंतीला लागला. तो त्यांनी बराच वेळ तिथेच ठेवला.

त्या मुलीला मेसेज केला. म्हणाली, "ताई, उद्याच सगळी दारं उघडते."

उघडेल ती. पण आत कोणाला बसवायचं, सांगा ना?