राखून ठेवलेले ब्रेक

मलेशियातल्या इपोह शहरात, गॅरेजांच्या गल्लीत तिओ किम सेंगचं दुकान माझ्या टायरच्या दुकानाला लागूनच आहे. जपानमध्ये भंगारात निघालेल्या गाड्या मधोमध कापतात आणि त्यांचा पुढचा अर्धा भाग इंजिनासकट कंटेनरमधून इकडे येतो. सेंग तो घ्यायचा, सुटा करायचा आणि विकायचा. गिऱ्हाईक ठरलेलं. इथल्या सगळ्यात छोट्या, स्वस्त गाडीत जपानी टर्बो इंजिन बसवणारी माणसं. कुणी शाळामास्तर, कुणी कारकून. आठवडाभर मान खाली घालून काम करायचं आणि रविवारी घाटात मोठ्या गाड्यांना मागे टाकायचं, एवढीच त्यांची हौस.

या हौशी लोकांच्या फोनवरच्या ग्रुपवर फोटो पडला की फोन सुरू व्हायचे. कंटेनर रिकामा व्हायच्या आत इंजिनं गेलेली असायची. ब्रेक मात्र मागे गंजत पडायचे. त्या इंजिनाला मोठे डिस्क ब्रेक लागतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इंजिन घेतानाच खिसा रिकामा व्हायचा, मग ब्रेकचं नंतर बघू. सेंगही कुणाला फार समजावत बसायचा नाही.

फखरुल सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा. वडील नव्हते, आई, रोकिया, शाळेसमोर तळलेली केळी विकायची. त्यानंही इंजिन घेतलं, पण ब्रेकचा अख्खा संच बाजूला ठेवायला सांगितला. पगार झाला की नेतो म्हणाला. सेंगनं संचाच्या खोक्यावर खडूनं त्याचं नाव लिहिलं.

त्याच आठवड्यात दक्षिणेकडच्या जोहोरहून एक जण आला. प्रदर्शनात मांडायच्या गाडीसाठी त्याला नेमका तोच संच हवा होता आणि तो दुप्पट द्यायला तयार होता. सेंगनं खडू पुसला. फखरुल पैसे घेऊन आला तेव्हा त्याला सांगितलं, संचात दोष निघाला, पुढच्या कंटेनरमधून देतो. हे सगळं मला फार नंतर सेंगच्याच तोंडून कळलं.

"तोवर गाडी चालवू ना, अंकल?" फखरुलनं विचारलं होतं.

"चालव की. हळू चालव म्हणजे झालं."

पुढे कॅमेरन डोंगरावर मावसबहिणीचं लग्न निघालं. फखरुल आईला घेऊन गेला. परतताना लांबलचक उतारावर ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. गाडी कठड्यावर आपटली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. आईच्या खुब्याचा चुरा झाला. दोन शस्त्रक्रियांनंतर ती वॉकरची चौकट धरून चालायला लागली, पण कढईपाशी उभं राहणं कायमचं संपलं.

महिन्याभरानं फखरुल टेम्पोत इंजिन घालून सेंगकडे विकायला आला. चेहरा ओढलेला. म्हणाला, "चूक माझीच, अंकल. तुम्ही तर हळू चालव म्हणाला होतात."

सेंगनं इंजिन ठेवून घेतलं. तासाभरात त्यासाठी तिघांचे फोन आले. त्यानं कुणालाच दिलं नाही. ताडपत्री टाकून मागे सारलं. मग तो रोकियाच्या घरी जायला लागला. कधी संत्री, कधी औषधं, एकदा तर न सांगता चाकांची खुर्चीच घेऊन गेला. फखरुल कामावर असेल अशी वेळ बघून जायचा. दर वेळी रोकिया त्याचे आभार मानायची आणि तो घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडायचा.

एकदा रोकियानंच विचारलं, "शेठ, तुम्ही आमचे कोण? इतकं का करता?"

मग त्यानं सगळं सांगितलं.  रोकियानं चहाचा कप त्याच्यापुढून उचलला.

"हे मला का सांगता? माझा खुबा काही परत येत नाही. त्या पोराला सांगा. वर्ष झालं, माझ्याकडे नजर वर करून बघत नाही तो. तुमचं ओझंही तोच वाहतोय."

दुसऱ्या दिवशी सेंग इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. फखरुल बाहेर आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "त्या जोहोरवाल्याची गाडी रस्त्यावर तरी धावते का?"

सेंग म्हणाला, "नाही. ट्रकवर घालून नेतात."

फखरुल वळला आणि आत निघून गेला. त्यानंतर तो सेंगशी बोललेला नाही. खुर्ची मात्र त्यांनी ठेवून घेतली.

सेंगला वाटलं होतं, गोष्ट ग्रुपवर पसरेल आणि गिऱ्हाईक तुटेल. पसरलीही. पण एकही जण तुटला नाही. उलट लोक विचारायचे, फखरुलचं ते इंजिन अजून आहे का? तेव्हा तो माझ्याकडे येऊन टायरच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, "मला कुणी शिवीसुद्धा दिली नाही रे."

आता तो ब्रेकशिवाय इंजिन विकत नाही. निम्मे लोक पलीकडच्या दुकानात जातात. रोकियाची बहीण शाळेसमोर केळी तळते, रोकिया शेजारी बसून गिऱ्हाईक सांभाळते. फखरुल बसने कामावर जातो. सेंग हल्ली त्या शाळेच्या रस्त्यानं जात नाही. लांबच्या पुलावरून वळसा घालून दुकानात येतो.