वर्लिन टॉफ्टेचं मेण

वर्लिन टॉफ्टेला फवाऱ्याचं वंगण वापरणाऱ्या माणसांची कीव यायची. कीव कसली, रागच. मी मोंटानातल्या आमच्या गावच्या एकुलत्या एक शिकारसामानाच्या दुकानात काउंटरवर असते, आणि दर हंगामाआधी हा माणूस माझ्या गिऱ्हाइकांना माझ्या तोंडावर नावं ठेवायचा. "फवारा? मग पावडर-लालीही लाव की त्या पुंगळ्यांना!"

त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. काडतूस झाडलं की पितळी पुंगळी फुगते. ती पुन्हा भरून वापरायची, तर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापावर आणावी लागते, आणि त्याआधी अंगाला वंगण हवं. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की निघता निघत नाही. जास्त झालं तर तिच्या खांद्याला पोचा. वर्लिन चिमटीत मेण घेऊन एकेक पुंगळी चोळायचा, आणि किती पुरे ते त्याची बोटं सांगायची. जन्मभर त्याने रस्त्यावरचं बर्फ काढायचा सरकारी ट्रक चालवला, पण आमच्या गल्लीत त्याला ओळखायचे ते या बोटांसाठी. ऑक्टोबर लागला की आम्ही सगळे आपापल्या रिकाम्या पुंगळ्या कॉफीच्या डब्यात भरून, वर नाव लिहून त्याच्या गॅरेजात ठेवून यायचो. पैसा घ्यायचा नाही. कौतुक मात्र हक्काने घ्यायचा.

यंदा हंगामाच्या आदल्या आठवड्यात तो दुकानात आला, इकडेतिकडे बघितलं आणि फवाऱ्याची बाटली हळूच काउंटरवर ठेवली.

"मेव्हण्यासाठी," म्हणाला.

"कुठला? ओरेगनला जाऊन बंदूक विकून बसलाय तो?"

"मार्व्हा, तुला गिऱ्हाईक हवंय की नकोय?"

मी पोट धरून हसले. दुपारपर्यंत ती गंमत गावभर सांगितलीसुद्धा, हेही कबूल करून टाकते.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा, आयडेलाचा फोन आला. "ड्रिल घेऊन ये बाई. हा गॅरेजातून बाहेर येत नाही आणि मलाही आत घेत नाही."

गेले. बघते तर डायमध्ये माझीच पुंगळी रुतलेली, बुडाची कड तुटून आलेली. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच.

"फवारलंस आणि लगेच दाबलीस ना?" मी सुरू झाले. "ओल्यावर चालत नाही ते! चांगलं वाळू द्यायचं असतं. बाटलीवर लिहिलंय."

"बाटल्या कोण वाचतो?"

बास, एवढंच. एरवी त्याने मला चांगलं फैलावर घेतलं असतं. मी पुंगळीला भोक पाडलं, आत आटे पाडले, बोल्ट पिळून तिला ओढून काढलं. डाय वाचली. वर्लिनचा चेहरा मात्र तसाच.

"हे सगळे डबे घेऊन जा," तो म्हणाला. "सांग ज्याला त्याला, वर्लिनने बंद केलं."

"एका पुंगळीपायी?"

"बोटांना कळत नाही गं." त्याने दोन्ही हात पुढे केले. "गेल्या हिवाळ्यापासून. मेण लागलं की नाही, किती लागलं, काही समजत नाही. म्हणून आणला तो फवारा."

मला माझीच लाज वाटली. मी दोन डबे उचलले.

आयडेला दारातच उभी होती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या पुंगळ्यांच्या टेबलाला हात लावायची मुभा नव्हती. ती सरळ आत आली, मेणाच्या डबीत बोट घातलं, एक पुंगळी चोळली आणि त्याच्यासमोर धरली.

वर्लिनने ती दिव्याखाली फिरवून बघितली. डोळे शाबूत होते. "जास्त झालं."

दुसरी दिली. "आता अगदीच चिक्कूपणा."

"केकच्या भांड्याला मीच लोणी लावते," आयडेला म्हणाली. "तेव्हा बरा तक्रार करत नाहीस!"

तिसरी त्याने दिव्याखाली धरली आणि सरळ डाय लावलेल्या प्रेसमध्ये बसवली, दांडा खाली ओढला. बोटांचं काही असो, दांड्याचा जोर दंडाला कळतो. पुंगळी सरकन आत गेली, सरकन बाहेर आली. पोचा नाही, ओरखडा नाही. मी डबे परत फळीवर ठेवले.

"आयडेला," तो दांड्याकडेच बघत म्हणाला, "सकाळी शर्टाची बटणं लावून देशील?"

हा माणूस उन्हाळाभर, अगदी चर्चलासुद्धा, बिनबटणांचा टी-शर्ट घालून का येत होता ते मला आत्ता कळलं. आयडेलालाही कळलं असावं. बोटांना मेण होतं, तिने डोळे मनगटाने पुसले.

"सातनंतर," ती म्हणाली. "त्याआधी उठवलंस तर सगळी तोडून ठेवीन."