आबांनी घडी केलेला अर्ज

मी बी.ए. होऊन सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून झालो, त्याला दोनच महिने झाले होते. माझे वडील, आबा, नातेपुत्याकडून मेंढरं घेऊन चरणीला निघाले होते. दर साली ज्वारी निघाली की आमचा कळप एका गावच्या शिवारातून भीमेकडं जाई. यंदा तिथल्या नव्या पाटलांनी मनाई केली. वाट बंद झाली असती तर उन्हाळ्यात मेंढरं जगली नसती. आबा कचेरीत आले. म्हणाले, "शिकलेला हायस. चार शबूद तू बोल."

मी सुबक अक्षरात अर्ज लिहिला. वहिवाट, हक्क, दाद, येत होते ते सगळे शब्द त्यात घातले. आबांबरोबर त्या गावी गेलो आणि चावडीवर रामराम होताच तो वाचून दाखवला.

पाटील माझ्याच वयाचे. त्यांचा चेहरा घट्ट झाला. "कोर्टात जायचं ठरवूनच आलाय की तुमी," ते आबांना म्हणाले आणि उठू लागले.

आबांनी माझ्या हातातला कागद घेतला, घडी केली, मुंडाशात खोचला. "पोराला नवी नोकरी लागलीया, पाटील. आईकडं भाकर बी अर्ज करून मागतंय."

चावडी हसली. पाटीलही हसले आणि पुन्हा टेकले.

मग बराच वेळ वाटेचं नावच निघालं नाही. आबांनी पाटलांच्या थोरल्यांची आठवण काढली, विहिरीला पाणी किती ते विचारलं. शेवटी पाटीलच म्हणाले, "गेल्या साली मेंढरांनी माझा हरभरा खाल्ला. तुमची नव्हती, ठावं हाय."

"मेंढराच्या तोंडावर मालकाचं नाव नसतंय," आबा म्हणाले. "कळप जाईस्तोवर हरभऱ्याच्या कडंला मी सोता हुबा ऱ्हातो. रान मोकळं झालं की परतताना चार राती मेंढरं तितं बसवतो. लेंडीखत तुमचं."

वाट मिळाली. परतताना मी म्हणालो, "आबा, चुकलंच माझं."

"अर्ज लई चांगला हुता. पर कागुद आदी दिला की माणसाला मागं सरायला जागा न्हाय ऱ्हात."

स्वातंत्र्यानंतर मी परराष्ट्र खात्यात गेलो, पुढं राजदूत झालो. मी नेमणुकीवर होतो त्या देशानं भारताचे काही खलाशी अडकवून ठेवले होते. दिल्लीहून कडक निषेधपत्र आलं. ते केव्हा द्यायचं हे माझ्यावर सोपवलं होतं. पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवून मी तिथल्या मंत्र्यांकडं गेलो आणि त्यांच्या गावाकडच्या द्राक्षबागांबद्दल विचारत बसलो. दुसरा चहा आला तेव्हा खलाशांचा विषय त्यांनीच काढला. काही दिवसांत माणसं सुटली.

पत्र का दिलं नाही, हे दिल्लीला कळवायचं होतं. 'गरज पडली नाही' एवढंच मी लिहिलं. खरं कारण आबांचं होतं, आणि ते कागदावर घातलेलं त्यांना आवडलं नसतं.