एक तुकडा पुरे

आमच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ असलेले काका तीस वर्षं हेच करत होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्याचे तुकडे घ्यायचे, त्यांचे पापुद्रे काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे. तुकडे टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या वासानं नाक कधीच कामातून गेलेलं. तरी जेवणाचा डबा उघडण्याआधी हात तीनदा धुवायचे. मी तिथली ज्युनिअर डॉक्टर, पण त्यांच्या लेखी नुसती 'पोरी'.

रिपोर्टवर सही करणारे मोठे डॉक्टर म्हणजे साहेब, आणि साहेबांचा लाडका शब्द म्हणजे 'नेहमीचाच'. एका बस ड्रायव्हरच्या मोठ्या आतड्यातली गाठ आली. काका म्हणाले, "साहेब, ही बाजू पांढरट आहे, ती करडी. दोन्हीकडचं घेऊ का?"

"कॅन्सर आहे ना? नेहमीचाच असणार. एक तुकडा पुरे." साहेबांची मान मोबाइलमधून वर आली नाही. रिपोर्टही तसाच गेला, ग्रंथींचा कॅन्सर म्हणून. मी शेजारीच उभी होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

दोन महिन्यांत ड्रायव्हरचा कॅन्सर यकृतात पोचला. औषध मुळीच लागू पडेना. नेमक्या तेव्हाच उरलेल्या गाठींच्या जुन्या बरण्या रिकाम्या करायच्या होत्या. काकांनी ड्रायव्हरची तेवढी ओतली नाही. करड्या बाजूचा तुकडा कापला, रंगवला आणि काच माझ्यापुढे ठेवली.

"बघ, पोरी."

मी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. हा दुसराच कॅन्सर होता, संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचा, भराभर पसरणारा. एकाच गाठीत दोन! खास रंग लावून पाहिले, तेही तेच म्हणाले. ही मिश्र जात क्वचितच सापडते, आणि तिचं औषध वेगळं असतं.

आणि साहेब? शी! सांगतानाही किळस येते. "काय सुंदर केस आहे!" म्हणत परिषदेसाठी फोटो काढत बसले.

ड्रायव्हरची बायको नवा रिपोर्ट न्यायला आली. "हे आधी का नाही कळलं?"

"फार दुर्मीळ असतं हो, ताई. पहिल्यांदा दिसतच नाही," साहेब मधाळ आवाजात म्हणाले.

काका हातमोजे काढत पुढे आले. "ताई, तुकडा इथंच पडून होता. आम्ही कापला नाही."

साहेबांचा चेहरा पडला. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही होता तेव्हा?"

"हो," मी म्हणाले आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

तिनं तो घेतला नाही.