मॅनहोलपाशी बसणारा

कच्च्या तेलातलं हलकं तेवढं निघून गेलं की तळाशी डांबरासारखा गाळ उरतो. त्या गाळाचंही तेल करणारे उंच लोखंडी मनोरे असतात. त्यांत उत्प्रेरकाच्या बारीक गोळ्या भरलेल्या. दोनेक वर्षांत गोळ्या दमल्या की माणसाने आत उतरून त्या उपसायच्या. हवा लागताच त्या पेटतात, म्हणून आत नुसता नायट्रोजन. ना रंग, ना वास. दोन-चार श्वासांत माणूस आडवा.

आमच्या टोळीतल्या दोघा भावांपैकी थोरला माथ्यावर, मॅनहोलपाशी बसायचा. उतरणाऱ्याच्या टोपात हवेची नळी, कानाशी फोन, कमरेला दोर, आणि दोराची कप्पी याच्या हाती. एकवीस वर्षांत एकही माणूस दगावू दिला नाही, ही बढाई तो उठताबसता मारायचा. मारेना का, खरी होती. त्याचा नियम सगळ्यांना, घरच्या बायकापोरांनाही, पाठ होता: आतला कुरकुरतोय तोवर घोर नाही. गोड बोलायला लागला की समजायचं, हवा कमी पडून डोकं हलकं झालंय. विचारत बसायचं नाही, ओढायचं.

उतरणारा बहुतेक वेळा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. आईच्या दुखण्यात कोण कमी पडलं यावरून दोघांत नऊ वर्षं अबोला. फोनवर कामापुरतं "हो", "नाही", तेही वसकन.

त्या दुपारी फोनमधून हसू आलं. मग पोरवयातल्या मऊ आवाजात धाकटा म्हणाला, "दादा, इथं आई बसलीये. रागावलेली नाहीये रे. तू पण ये ना खाली."

थोरल्याचा हात कप्पीवरच होता. पण नऊ वर्षांनी 'दादा' ऐकलं आणि तो पाघळला. त्या काळ्या भोकावर ओणवा होऊन म्हणाला, "बोल रे, बोल." धाकटा बोलत राहिला. आई काय म्हणते तेही सांगू लागला. मिनिटभर, फार तर दीड. मग फोनमध्ये काहीच उरलं नाही.

दोर ओढून धाकट्याला वर घेतलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. नळी आतल्या शिडीच्या पायरीत चिमटली होती.

आठवड्याने धाकट्याची बायको आली. शेवटचं काय बोलले, एवढंच तिला हवं होतं. थोरल्याला खोटं बोलवेना.

"मला दादा म्हणाला," तो म्हणाला.

तिचा चेहरा जरा निवळला. मिटलं म्हणायचं, असं काहीसं ती पुटपुटली. मग तिने सावकाश वर पाहिलं.

"आणि तुम्ही लगेच ओढलं नाहीत?"