अनुमोदनाला आप्पा आहेत

आमच्या आप्पांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केली नाही. घरात ते थोरल्या भावाच्या पाठीवरचे, शाळेत दुसऱ्या बाकावरचे, आणि पंगतीत शेजाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय त्यांचा हात ताटाकडे वळायचा नाही. देवळातसुद्धा पुढच्यानं घंटा वाजवली की मग हे वाजवणार. एकदा भर दुपारी मारुतीच्या देवळात चिटपाखरू नव्हतं, तर आप्पा तासभर पायरीवर बसून राहिले. शेवटी पुजाऱ्याची म्हातारी आई काठी टेकत आली, तिनं घंटा वाजवली, तिच्या मागोमाग ह्यांनी वाजवली आणि मग जेवायला घरी गेले. मी विचारलं, "आप्पा, एकट्यानं वाजवली असती तर देव काय रागावला असता?" तर म्हणाले, "देवाचं काय न्हाय गं आक्का. आपण मागनं गेलो की पुढच्याला बरं वाटतंय."

ही सवय घेऊन हा माणूस आमच्या गावच्या नगरपालिकेत पाच वेळा निवडून आला. सरकारी पाटीवर पुरसभा, आमच्या तोंडी मुनशिपालटी. खाली पाणीपट्टीची खिडकी, वर सभागृह. निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात असल्या इमारती गावोगाव आहेत, तेव्हा आमचं गाव कुठलं ते शोधत बसू नका. तिथला कारभार ज्यांनी पाहिला नाही त्यांना मात्र सांगायला हवं. एका मेंबरनं उठून विषय मांडायचा, तो सूचक. दुसऱ्यानं हात वर करून 'माझं अनुमोदन' म्हणायचं, तो अनुमोदक. मग त्यावर बोलायचं, भांडायचं, चहा प्यायचा आणि शेवटी मत द्यायचं. पण दुसरा हात वर आलाच नाही, तर बोलणंही नाही आणि मतही नाही. कारकून वहीत लिहितो, 'अनुमोदक नसल्यामुळे विषय बारगळला', आणि पुढचा विषय पुकारतो. एखाद्या गल्लीचं तुंबलेलं गटार असं दोन मिनिटांत बारगळतं आणि वर्षभर तुंबून राहतं. आप्पांच्या कारकिर्दीत मात्र एकाही मेंबरचा विषय असा बारगळला नव्हता. मांडणारा खाली बसायच्या आत खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीतून हात वर आलेला असायचा.

कशाला म्हणून अनुमोदन दिलं नसेल या माणसानं! एका मेंबरनं मांडलं की नोकर उशिरा येतात, सबब मुनशिपालटीचं घड्याळ अर्धा तास पुढे करावं. आप्पांचा हात वर. दुसऱ्यानं मांडलं, घड्याळच काढून टाकावं. पुन्हा हात वर. एकदा आठवडी बाजाराचा वार बदलावा असा एकाचा विषय आणि बदलू नये असा दुसऱ्याचा, दोन्हींचे अनुमोदक आप्पा. कारकुनानं पेन थांबवून विचारलं, "आप्पा, तुम्ही नक्की कुठल्या बाजूला?" आप्पा म्हणाले, "आधी दोघास्नी बोलू तरी द्या, मग बघू की." कन्नड-मराठीवरून सभागृहात जुंपायची तेव्हाही तेच. 'अनुमोदन' हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळे आप्पांचं अडत नसे. ते दोघांनाही बिनबोभाट देऊन टाकायचे. पुढे पुढे तर विषय मांडायच्या आधी अनुमोदक शोधायची पद्धतच बंद पडली. "अनुमोदनाला आप्पा हाइत की," एवढं म्हटलं की काम झालं. घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, स्वयंपाकघरातून "उप्पीट करू काय?" म्हणून विचारलं की बाहेर झोपाळ्यावर हात वर. काकूंना तो दिसायचा नाही, म्हणून त्या पुन्हा विचारायच्या, आणि आप्पा हात तसाच धरून बसायचे.

आणि खरी गंमत पुढे. अनुमोदन दिलं म्हणजे आप्पांचं मतही मिळालं, असं समजलात तर फसलात. हा मला पहिल्याच सभेत बसलेला दणका. आमचा वॉर्ड महिलांना राखीव झाला म्हणून मी मेंबर झाले. उभं राहायची हौस आमच्या ह्यांना होती. निवडून आले मी, पण 'मेंबर' म्हणून लोक हाक मारायचे ती ह्यांना. माझा स्वभाव तोंडाळ. घरी सांगितलेलं सगळं विसरून मी पहिल्याच सभेत उभी राहिले आणि बाजारात बायकांसाठी संडास बांधावा असा विषय मांडला. सभागृह छताकडे बघायला लागलं. एवढ्यात तिसऱ्या खुर्चीतून हात आला. मला असा धीर आला म्हणता, अर्धा तास बोलले! आणि मतदान झालं, तर विरोधात पहिला हात आप्पांचा. म्हणजे पहिला नव्हे, दुसरा. अध्यक्षांच्या पाठोपाठचा. बाहेर आल्यावर मी त्यांना भर जिन्यात फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "जागा चुकलीया तुझी. मटणाच्या दुकानामागं कुठली बाई जाईल? जागा बदल, परत मांड. अनुमोदनाला मी हाय." मी जागा बदलली, परत मांडला, आणि त्या वेळी आप्पांनी मतही दिलं. तो संडास आजही उभा आहे. पाणी असतं असं म्हणत नाही, पण उभा आहे.

सभेच्या दिवशी आप्पा इस्त्रीचं धोतर, काळी टोपी आणि हातात कापडी पिशवी अशा थाटात यायचे, पण येताना वाटेत बाजारातल्या कट्ट्यावर तासभर मुक्काम. कडुलिंबाखालचा दगडी कट्टा तो. सदलग्याच्या बाजूनं पहाटेच्या गाडीनं माळवं, म्हणजे भाजीपाला, घेऊन येणाऱ्या बायका तिथं बसायच्या. आप्पा प्रत्येकीकडून एकेक पेंडी घ्यायचे, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. त्यामुळे मेथी, शेपू, तांदळी, चुका असं सगळं त्या पिशवीतून सभागृहात यायचं आणि मागील सभेचा वृत्तांत शेपूच्या वासात कायम व्हायचा. त्यांची आईही त्याच कट्ट्यावर बसायची, एवढं गावाला ठाऊक होतं.

आमच्या मुदतीतली ती शेवटची सभा. पुढे निवडणूक होती. कट्टा पाडून तिथं दुकानांचे गाळे बांधायचे, असा विषय पत्रिकेवर आला. आदल्या दिवशी अध्यक्षांच्या घरी सगळ्यांची बैठक झाली, कुणी काय करायचं ते ठरलं. आमचे हे तिथं माझा शब्द देऊन आले. मला न विचारता! सगळं ठरलं, पण गाळ्यांच्या विषयाला अनुमोदन कोण देणार ते कुणी ठरवलंच नाही. सवयीनं म्हणाले, "अनुमोदनाला आप्पा हाइत की." कट्टा कुणाच्या आईचा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सभा सुरू झाली आणि आप्पा उठून उभे राहिले. पाच मुदतींत पहिल्यांदा. म्हणाले, "माझा एक विषय हाय. कट्टा तसाच ठेवावा, आणि बायांच्या डोक्यावर एक पत्र्याचं छप्पर घालावं." अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदक?" आणि काय सांगू, सगळ्या माना सवयीनं आप्पांकडेच वळल्या! आप्पांचाही हात सवयीनं अर्धा वर आला. कारकून हळूच म्हणाला, "आप्पा, स्वतःच्या विषयाला स्वतः देता येत न्हाय." हात खाली गेला. मग आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. माझ्या हातात पेन होतं, मी ते घट्ट धरून बसले. ह्यांनी दिलेला शब्द, घरातली कटकट, पुढचं तिकीट, काय काय डोक्यात आलं ते आता सांगायचीही लाज वाटते. माझ्यासाठी पहिल्या दिवशी वर आलेला तो हात आठवत होता, तरी माझा हात वर गेला नाही. कारकुनानं लिहिलं, 'बारगळला'. आप्पा खाली बसले, पिशवी मांडीवर घेतली.

पुढचा विषय गाळ्यांचा. अध्यक्षांच्या माणसानं तो घाईघाईनं मांडला. "अनुमोदक?" पुन्हा सगळ्या माना आप्पांकडे, आणि पुन्हा लाजून खाली. कुणाचाच हात येईना. जो तो म्हणत असेल, आत्ता ह्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत मीच कशाला? मला एकदम उमगलं. आप्पांनी नुसतं गप्प बसायचं होतं. विषय बारगळला असता, आमची मुदत संपली असती, कट्टा वाचला असता. मी दबक्या आवाजात म्हटलं, "आप्पा, पाया पडते, हात वर करू नकासा." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी नीट केली. आणि हात वर केला.

"माझं अनुमोदन."

मांडणाऱ्यानंतर बोलायचा मान अनुमोदकाचा असतो. आप्पा पुन्हा उभे राहिले. "माझ्या आईनं ह्याच कट्ट्यावर छप्पर मागायला अर्ज दिलता. एका मेंबरनं तो ह्या सभेत मांडला. आई टोपली घेऊन त्या दारात हुबी हुती, मी संगट हुतो. कुणी हात वर केला न्हाय. अध्यक्ष म्हणाले, पुढचा विषय. आई मला इचारती, झालं काय रं? न्हाय म्हणाले काय? मी काय सांगू तिला? न्हाय म्हणायला बी कुणी तोंड उघडलं न्हवतं. तवापास्नं मी हात वर करतो. न्हाय म्हणायचं आसलं तर बोलून म्हणावं माणसानं. आता ह्यो गाळ्यांचा विषय. ह्याला मी अनुमोदन दिलंय, आणि आता ह्याच्या इरोधात बोलणार हाय."

आणि बोलले. कट्ट्यावरच्या एकेक बाईचं नाव घेऊन, कोण कुठून येते, कुणाचं पोर शिकतंय, कुणाचे गुडघे दुखतात, सगळं बोलले. एवढं बोलणं त्यांनी पाच मुदतींत मिळून केलं नसेल. मग मतदान झालं. बाजूनं बाकी सगळे. विरोधात आप्पांचा हात वर गेला, आणि त्यांच्या मागोमाग माझा. आप्पा पहिले आणि मी दुसरी, असं त्या सभागृहात एकदाच झालं. पण मतदानातल्या दुसऱ्या हातानं काय होतंय? तो घटकाभर आधी वर जायला हवा होता. गाळे मंजूर झाले.

जिन्यात मी त्यांना गाठलं. रडायला येत होतं, म्हणून ओरडले, "गप बसला असता तर वाचला असता की कट्टा!"

"वाचला असता," आप्पा म्हणाले. "पर तसला वाचवून काय करू?"

"आणि माझं काय? माझा हात..."

"केलास की वर शेवटाला." त्यांनी पिशवीतून मेथीची पेंडी काढली. "घे. कवळी हाय. आज भाजी कर, उद्या ऱ्हायची न्हाय."

घरी हे पाय आपटत उभेच होते. मी म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्हीच साडी नेसून जा." पुढची वेळ आलीच नाही, तिकीट दुसरीला गेलं. ती मेथी मी निवडत बसले आणि निवडता निवडता मनसोक्त रडून घेतलं.

गाळे झाले. बायका आता रस्त्याच्या कडेला गटाराच्या फरशीवर छत्र्या लावून बसतात. आप्पा पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. रोज सकाळी चार नंबरच्या गाळ्यापुढे येऊन बसायचे. तिथं मोबाईलची कव्हरं विकणारा मुलगा भला, तो त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची बाहेर टाकायचा. पिशवी मात्र पूर्वीसारखीच भरायची. गेल्या थंडीत एका सकाळी खुर्ची रिकामी राहिली. काकू सांगत होत्या, "आदल्या रात्री इचारलं, दूध देऊ काय? हात वर केला. मी आणस्तवर..."

पुढच्या महिन्यात मुनशिपालटीत आप्पांचा शोकप्रस्ताव होता. मी मागच्या बाजूला, दाराजवळ लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसले. भाजीवाल्या बायकाही आल्या होत्या, टोपल्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या. शोकप्रस्तावाला अनुमोदक लागत नाही, सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहिलं की झालं. पण अध्यक्ष नवा, तरुण. कागद वाचून झाल्यावर त्यानं नेहमीसारखं विचारलं, "अनुमोदक?"

एकही हात वर आला नाही. मनात कुणाच्या खोट नव्हती, जो तो दुसऱ्याची वाट बघत होता. जुन्या दोघातिघांनी सवयीनं खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. तिथला नवा मेंबर मान खाली घालून मोबाईलमध्ये होता. दारातली एक बाई माझ्या कानाशी वाकली. "काय झालं गं आक्का? आप्पास्नी न्हाय म्हणाले काय?"

माझा हात वर गेला. शिपाई लगबगीनं जवळ आला. "आक्का, हात खाली घ्या. हितनं चालत न्हाय."

"ठाऊक हाय मला," मी म्हटलं, आणि हात तसाच वर ठेवला.