मागल्या दारात रागव

"येऊ काय ग, की मागनं येऊ?"

दार सताड उघडं असायचं, मी समोरच भाजी चिरत बसलेली दिसायची, तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून ती हे विचारायची. घर तिचंच होतं. बंगळूरच्या जयनगरात तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं नव्यानं बांधलेल्या घराच्या अर्ध्या भागात आम्ही भाड्यानं राहत होतो. पण "मागनं या", म्हणजे नंतर या, म्हणायची सोय समोरच्याला दिल्याशिवाय तिनं आमच्याकडे कधी पाऊल टाकलं नाही. अशी किती माणसं तुमच्या ओळखीची आहेत, आठवून पाहा. मला ती एकच भेटली, आणि तिचं मी काय केलं ते सांगायला बसले आहे. सांगताना माझा राग राग होणार. होऊ दे.

सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला अण्णा. तिचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिच्या मराठीत थोडं म्हणजे 'स्वल्प' आणि दर दोन वाक्यांमागे एक 'सरी', म्हणजे आपलं 'बरं'. मी पुण्याची. नवऱ्याला सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून तिकडे गेलेली. पहिल्याच दिवशी तिचं बोलणं ऐकलं आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. मराठी भाषा आमच्याच आळीत जन्मली आणि बाकीच्यांना आम्ही ती वापरायला दिली, असा आमचा समज. तो समज बरोबर घेऊनच मी गाडीत बसले होते.

एकदा माझ्या नवऱ्याचे साहेब जेवायला यायचे होते. पुरणपोळीचा घाट घातला आणि पुरण पळीवाढं झालं. मी रडकुंडीला आलेली. अक्का मागल्या दारात उभी राहिली, तिनं ते नेहमीचं विचारलं, आणि माझं तोंड बघून उत्तराची वाट न पाहता आत आली, एवढ्या वर्षांत तेवढी एकदाच. पुरण पुन्हा आटवलं, भराभर वीस पोळ्या लाटल्या. पुढच्या दारी मोटारीचा आवाज आला तशी पिठाच्या हातानंच मागच्या दारानं निघाली.

"मी आले होते म्हणून सांगू नको. तुझ्या हातचं आहे, सरी?"

साहेबांनी तोंडभर कौतुक केलं आणि ते मी निर्लज्जपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी ते ऐकून तिला इतका आनंद झाला, की पोळ्या खरोखर मीच केल्या होत्या असं मलाही वाटायला लागलं.

रागाबद्दलही तिचा एक नियम होता. माझ्याकडे चार बायका चहाला आलेल्या असताना कामवालीच्या हातून कपबशी फुटली. मी तिथंच, सगळ्यांसमोर, तिला वाटेल तसं बोलले. अक्का त्या बायकांत होती. ती खाली मान घालून बसली, जणू बोलणी तिलाच बसत होती. बायका गेल्यावर मागच्या शेवग्याखालून हाक आली.

"स्वल्प मागं ये ग."

मी गेले. ती धुण्याच्या दगडाशी उभी होती. हळूच म्हणाली, "रागव की. माणसाला राग येतोच. पण मागल्या दारात रागव. पुढल्या दारात माणसाची मान जाती."

एवढंच बोलली आणि कडीपत्त्याची फांदी तोडून हातात दिली. माझी चूक तिनं मलाही मागल्या दारातच सांगितली, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या मुलीचा जन्म बंगळूरचाच. माझ्या आईला येता आलं नाही, तर सव्वा महिना बाळाला अक्कानं न्हाऊ घातलं. पुढे मुलगी बोलायला लागली ती अक्कासारखी. "आई, स्वल्प दूध दे." मी तिला दटावायची, "असं बोलू नये. नीट बोल." हे मी अक्काच्या देखत बोलत नसे, एवढं सौजन्य माझ्यात होतं. अर्ध्या घराची भिंत किती जाड असते, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत करमणुकीचा कार्यक्रम होता. मला नकला चांगल्या जमतात म्हणून मलाही उभं केलं. मी 'माझी शेजारीण' केली. नाव घेतलं नाही, पण नावाची गरज नव्हती. नऊवारी तिच्यासारखीच खोचली, दाराच्या चौकटीला धरल्यासारखा हात केला आणि म्हटलं, "येऊ काय ग, की मागनं येऊ?"

हॉल हशानं कोसळला. सगळे पुण्या-मुंबईचे, नोकरीसाठी आलेले, घरच्या आठवणीनं कातावलेले. त्यांना हसायला कुणीतरी हवंच होतं. मी आणखी चेकाळले. "पोर झोपलं काय ग? तर मी स्वल्प हळू बोलते, सरी?" हे मी घसा ताणून ओरडून म्हटलं, म्हणजे जास्त हशा येतो. माझी मुलगी गोवरानं फणफणली होती तेव्हा अक्का हेच वाक्य कुजबुजत दारात उभी राहायची. रात्रंदिवस.

तेवढ्यात मला ती दिसली. शेवटच्या रांगेमागे, दाराशी. ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसलेली, हातात डाळीच्या कोशिंबिरीचं झाकलेलं पातेलं, तिकडच्या रीतीनं प्रसादासाठी. ती मंडळात कधी यायची नाही. "तुमची शिकलेली माणसं, मी काय बोलू तिथं," म्हणायची. मीच पंधरा दिवस तिच्या मागे लागले होते, एकदा याच म्हणून.

आता खरं सांगते, कारण इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती दिसल्यावर मी थांबले नाही. लोक हसत होते, पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. ती दिसल्यानंतर मी आणखी दोन वाक्यं म्हटली.

मी खाली उतरले तेव्हा पातेलं टेबलावर होतं आणि ती गेली होती.

घरी नवरा म्हणाला, "एवढं काय? गंमत होती, तसं सांग त्यांना." मी सांगायला गेले. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "बन्नी, बन्नी." कन्नडात परक्या माणसाला 'या, या' म्हणतात तसं. मला खुर्ची दिली. मी म्हटलं, "अक्का, गंमत केली हो." तिनं हसून मान हलवली आणि चहा घेणार का विचारलं, तेही कन्नडात, अहो-जाहो करून.

तेव्हापासून मला 'गंमत' या शब्दाची चीड आहे. कुणी कुणाची चार लोकांत चामडी सोलतो आणि वर म्हणतो, गंमत केली. म्हणजे ज्याला लागलं त्यानंच हसायचं आणि ज्यानं मारलं त्याला मोकळं करायचं. नाही हसला तर तोच रडका, त्यालाच विनोदबुद्धी नाही. मंडळातल्या बायका मला म्हणाल्याच, "इतकं मनाला लावून घ्यायचं असतं का?" त्यांतल्या एकीनंही दारात उभं राहून कधी कुणाला "येऊ का" विचारलेलं मी पाहिलं नाही. आणि मी तरी त्यांच्यावर कशाला डाफरू, नक्कल काही त्यांनी केली नव्हती.

तिचं पातेलं मी धुऊन घेतलं आणि माझ्या डब्यात भरलेल्या बेसनाच्या लाडवांबरोबर नेऊन दिलं. अक्काच्या घरातून भांडं कधी रिकामं परत आलेलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी यायचीच. चार दिवसांनी अण्णा माझा डबा घेऊन आले. घासलेला, पुसलेला, रिकामा.

ते दारात घुटमळले. मग म्हणाले, "ती आता घरात पण मराठी बोलत नाही ग. आम्ही दोघंच माणसं. मी मराठीत विचारतो, ती कन्नडात सांगती. तीनशे वर्षं सांभाळलेली भाषा. आता मी कुणाशी बोलू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. कितीतरी दिवस मी मागच्या शेवग्याकडे कान लावून असायची. "स्वल्प मागं ये ग" अशी हाक येईल, ती मला धुऊन काढेल आणि सुटेन एकदाची. ती हाक आली नाही. माझ्या मुलीशीही अक्का कन्नडातच बोलू लागली. प्रेमानं, मांडीवर घेऊन, पण कन्नडात.

दोन वर्षांनी आम्ही बंगळूर सोडलं. सामान भरून झाल्यावर मी तिच्या मागल्या दारात गेले. तिचंच वाक्य ओठावर आलं होतं, ते गिळलं. ते माझ्या तोंडून पुन्हा निघालं असतं तर ती पुन्हा नक्कलच झाली असती. मी नुसतं म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." एवढे तीन शब्द म्हणायला मला दोन वर्षं लागली. माझा मला अजून संताप येतो तो याचा.

"इरली, बिडी," ती म्हणाली. असू द्या, जाऊ द्या. मग बाहेर आली, माझ्या मुलीला कडेवर घेतलं, कुंकू लावलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी बोलली. मुलगी तिच्या खांद्यावर मान ठेवून ऐकत होती, मधूनच "सरी, सरी" म्हणत होती.

आगगाडी सुटल्यावर मी मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं, "अक्का काय म्हणाली ग तुला?"

चार वर्षांची पोर. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुला नाही सांगणार. तू हसतेस."